आमूला पोचवायला आर्मेनियापर्यंत

आमूचं कॅनडाचं तिकीट दुसऱ्यांदा रद्द झालं, त्या दिवशी बेल्ह्यात आमच्या घरी कुणी धड जेवलं नाही. आमू म्हणजे आम्रपाली, माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची मुलगी. भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. जमिनीखालच्या पाण्याचा पुढचा अभ्यास करायला कॅनडातल्या एका विद्यापीठात तिची निवड झाली होती, सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली होती. पण करोनाची दुसरी लाट आली आणि कॅनडानं भारतातून थेट येणारी विमानं बंद केली. वाट एकच उरली. आधी तिसऱ्या एखाद्या देशात जायचं, तिथं तपासणी करून घ्यायची आणि तिथल्या रिपोर्टावर पुढचं विमान धरायचं. आमूनं खूप शोधाशोध करून जो देश काढला त्याचं नाव होतं आर्मेनिया. आमच्या घरात ते नाव त्याआधी कुणी उच्चारलेलंही नव्हतं.

"कॅनडात कॉलेज हाय, हॉस्टेल हाय. तिथं एकटी गेली तर चालंल," मिलिंद म्हणाला. "पण ह्या मधल्या देशात कोण हाय आपलं? तिथं पोरीला एकटी नाय सोडायचो मी."

त्याला स्वतःला जाता येत नव्हतं, कारण त्याच्याकडे पासपोर्टच नव्हता. माझी भावजय शोभा, तिच्याकडेही नव्हता. आमू सोडली तर सगळ्या घरात पासपोर्ट होता तो माझा. विहारातल्या बायकांबरोबर श्रीलंकेला धम्मयात्रेला जायचं ठरलं होतं, म्हणून निवृत्त झाल्या झाल्या मी तो काढून घेतला होता. टाळेबंदीत यात्रा राहिली ती राहिलीच.

"मी जाते," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर माझा आवाज ऐकून मीही जरा दचकले.

माझं नाव विमल. सगळी नोकरी मी आंबेगाव तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून केली. घोडेगावहून एसटी जाईल तिथवर एसटीनं, पुढं पायी, असं डोंगरातल्या वाड्यांवर लसी द्यायच्या आणि बाळंतपणं करायची. नदी कमरेएवढी असताना पलीकडं गेलेय. पण विमान पाहिलं होतं ते फक्त खालून.

निघायच्या दिवशी सकाळी विहारातल्या बायका घरी आल्या. अंगणात अंतर ठेवून, तोंडाला पदर लावून त्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. शोभानं शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि बाजरीचं पीठ बांधून दिलं. मिलिंदचं वेल्डिंगचं दुकान आहे. ज्या टेम्पोतून तो लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या पोचवतो, त्याच टेम्पोच्या पुढच्या सीटवर आम्ही तिघं बसलो आणि माळशेजच्या वाटेनं मुंबईला निघालो.  विमानतळाच्या दारात मिलिंदनं आमूच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "ताई, तुझ्या हवाली करतोय."

विमानात मधल्या सीटवर बसणाऱ्याला पांढरा प्लास्टिकचा झगा आणि तोंडापुढं धरायची काच देत होते. मधली सीट माझी होती. शेजारचा गृहस्थ तो झगा उलटा घालून घामाघूम झाला. निवृत्त झाले तरी पहिल्या लाटेत मला परत कामावर बोलावलं होतं, तेव्हा हे असले झगे मी मे महिन्यात दिवसदिवसभर घातले होते. मी त्याला तो सुलटा करून दिला, पाठीमागची नाडी बांधून दिली. माझं पहिलं विमान आकाशात चढलं तेव्हा मी एका अनोळखी माणसाच्या पाठीशी गाठ मारत होते. भीती वाटायला सवडच मिळाली नाही.

दोहाला विमान बदलून आम्ही येरेवानला उतरलो. हे आर्मेनियाचं राजधानीचं शहर. सकाळ होती. टॅक्सीनं वळण घेतलं आणि समोर एकदम डोंगर उभा राहिला, ऑगस्टातही डोक्यावर बर्फ घेतलेला. आमच्याकडच्या डोंगरांना रांग असते, एकाला दुसऱ्याचा खांदा असतो. हा एकटाच, सपाट जमिनीतून सरळ वर गेलेला. टॅक्सीवाल्यानं गाडी हळू केली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अरारात." मग बोटानं पलीकडं दाखवून मान हलवली. नंतर आमूनं सांगितलं, की डोंगर ह्या लोकांच्या जिवातला, पण तो आहे शेजारच्या तुर्कस्तानात. सीमा बंद. रोज सकाळी बघायचा, जायचं मात्र नाही.

शहर सगळं गुलाबी दगडाचं. इमारती गुलाबी, कमानी गुलाबी. आमू खाली उतरल्या उतरल्या एका भिंतीला हात लावून उभी राहिली. "आत्या, हापण ज्वालामुखीचाच दगड. आपला काळा पाषाण घट्ट, हा बघ किती हलका. ह्याच्यात पाणी मुरतं." लोक वळून बघत होते. मी म्हटलं, "आधी घर शोधू बाई, मग दगड."

आम्ही खोली घेतली होती ती आनाहित नावाच्या बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर. माझ्याच वयाच्या, भरदार, पांढरे केस आखूड कापलेले. त्या खाली राहायच्या, एकट्याच. त्यांना आर्मेनियन आणि रशियन येत होतं, आम्हाला मराठी आणि हिंदी. आमूच्या इंग्रजीचा तिथं उपयोग नव्हता. मग फोनमधल्या भाषांतरावर कारभार चालला. त्या फोनशी बोलायच्या आणि फोनमधली बाई आम्हाला हिंदीत सांगायची. "बारेव" (नमस्कार) हा शब्द तेवढा मी पहिल्याच दिवशी शिकले. दुसरा शब्द शिकावा लागला नाही. त्या आमूला "आमू-जान" म्हणाल्या. तिकडं लाडक्या माणसाच्या नावापुढं 'जान' लावतात. मी पण लगेच "विमल-जान" झाले. एवढ्या वयात मला कुणी जान म्हणेल असं वाटलं नव्हतं.

अंगणात त्यांचा द्राक्षाचा मांडव होता आणि द्राक्षं पिकलेली होती. आमच्या जुन्नर-नारायणगावकडं द्राक्षं उन्हाळ्याच्या तोंडाला येतात, इथं श्रावणात. जेवायला लवाश (कापडासारखी पातळ, लांब रोटी), पांढरं चीज, आणि पाला. पाला म्हणजे खरोखर पालाच. कोथिंबीर, तुळशीसारखं काहीतरी, कांद्याची पात, सगळं कच्चं, ढिगानं. लवाशमध्ये गुंडाळायचं आणि खायचं. मी त्यात शोभाचा ठेचा लावला. आनाहितबाईंनी एक घास मागून घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, पाणी प्यायल्या आणि दुसरा मागितला. तिथंच आमची मैत्री झाली.

दुसऱ्या दिवशी गावात फिरताना आमूला एक दगडी खांब दिसला. कमरेइतका उंच, वरच्या वाटीतून पाण्याची बारीक धार उसळत होती. तिनं खांबाच्या चारी बाजूंनी हात फिरवला. "आत्या, ह्या नळाची चावी कुठंय? कुणीतरी उघडी ठेवून गेलंय."

चावी नव्हतीच. तिकडं ह्याला पुलपुलाक म्हणतात. पिण्याचं पाणी, डोंगरातल्या झऱ्याचं, रस्त्यारस्त्यावर, रात्रंदिवस वाहतं. ज्याला तहान लागेल त्यानं वाकावं आणि प्यावं. एक म्हातारा आला, वाकून प्यायला, मिशा पुसून गेला. मग गणवेशातला शिपाई, मग फुगेवाली. आमू बघत राहिली. बेल्ह्याच्या पोरीनं टँकरच्या रांगेत बारावीचा अभ्यास केला होता. मला तिच्याहून मागचं आठवलं. माझे आजोबा पाणवठ्यावर भांडं खाली ठेवून लांब उभे राहायचे. वरच्या आळीतलं कुणी येऊन वरून ओतेल तेव्हा पाणी. दीक्षा घेतल्यावर ते भांडं त्यांनी पुन्हा तसं खाली ठेवलं नाही. वडिलांनी आम्हाला हे सांगितलं, ते एकदाच. त्याच आजोबांची पणती जमिनीखालचं पाणी शोधायची विद्या शिकायला निघाली होती. मी तिला म्हटलं, "वाक, पी." ती प्यायली. मग मी प्यायले. पाणी बर्फासारखं गार होतं आणि दातांत कळ गेली, तरी मी पोटभर प्यायले.

चौथ्या दिवशी तपासणी केली. संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आले. माझा निगेटिव्ह, आमूचा पॉझिटिव्ह.

ती पलंगावर बसली आणि फोन उताणा ठेवून नुसती त्याच्याकडं बघत राहिली. दुपारपासून तिचा घसा धरला होता. आम्ही दोघींनी तो थंड पाण्यावर ढकलला होता. विमान दोन दिवसांवर आलेलं. नियम तिला पाठ होते. पॉझिटिव्ह आलं की कॅनडाच्या विमानात पाय ठेवता येत नाही. दोन आठवडे उलटले की मग तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट 'होऊन गेला' ह्याचा पुरावा म्हणून चालतो. पण तोवर कॉलेज सुरू होणार होतं. तिचा अभ्यास प्रयोगशाळेतला. उशीर किती चालेल, चालेल की नाही, काहीच माहीत नव्हतं.

मी खाली जाऊन आनाहितबाईंना सांगायला निघाले, तर तिनं माझा हात धरला आणि लगेच सोडला. हात धरायचा नाही, हे तिलाही आठवलं.

"नको ना सांगू आत्या. ती बाहेर काढंल आपल्याला. मग कुठं जायाचं?"

"आमू, जन्मभर मी लोकांच्या दारात उभी राहून सांगत आले, ताप लपवू नका. आता आपल्यावर आलं तर लपवू?"

"तिथं तुझ्या ओळखीची माणसं व्हती."

हे तिचं खरं होतं. मी तरी गेले. दोन मास्क लावले, जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले, हाक मारली आणि फोन पुढं धरून सांगितलं. फोनमधल्या बाईनं ते आर्मेनियन भाषेत म्हटलं. आनाहितबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा भिंतीवरच्या फोटोकडं. फोटो त्यांच्या नवऱ्याचा होता. मग त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी वर आले तर आमूनं बॅग भरायला घेतली होती. मी तिला थांबवलं नाही. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं गॅलरीच्या बाहेरून घंटा वाजवल्यासारखा आवाज आला. तिकडं घराघरांत कपडे वाळत घालायला कप्पीवरची दोरी असते, एक टोक गॅलरीला, दुसरं खाली अंगणापलीकडच्या खांबाला. त्या दोरीला टोपली अडकवून आनाहितबाई ती खालून वर ओढत होत्या आणि कडी कठड्यावर आपटत होती. टोपलीत लवाश, द्राक्षं आणि झाकणाच्या पातेल्यात गरम स्पास (दह्याचं आणि गव्हाचं पातळ सार). त्या खाली अंगणात उभ्या होत्या, मास्क लावून. त्यांनी फोनमध्ये काहीतरी सांगितलं, आवाज पूर्ण वाढवला आणि फोन डोक्यावर धरला. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात फोनमधली बाई हिंदीत बोलली:

"मेरे पति इसी बीमारी से गए। आख़िर में मैं उनके पास नहीं जा सकी। तुम्हारे लिए मैं सीढ़ी तक आ सकती हूँ।"

आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं बाहेर आली. भाषा कुणाला कळली नसणार, तरी कुणी आत गेलं नाही. आमूनं टोपली आत घेतली आणि बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

मिलिंदला मी त्याच दिवशी सांगितलं. त्याच्यापाशी लपवणं तर शक्यच नव्हतं. व्हिडिओवर शोभा रडत होती आणि तो तिच्यामागं उभा होता.

"ताई, तिला बरं वाटलं की घिऊन ये परत. बास झालं. शिकायचं तर पुण्यात बी शिकंल."

"बरी तर होऊ दे."

"न्हाई, तू सांग मला. आनतीस ना परत?"

"मिलिंद, पोरगी माझ्या हवाली केलीस ना? मग अजून थोडे दिवस असू दे माझ्याकडं. कुठं जायचं ते तिचं ती सांगेल."

त्यानं फोन ठेवला. माझा हा भाऊ माझ्याशी कधी भांडलेला नाही. त्या दिवशी भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

ताप तीन-चार दिवस राहिला. मी बॅगेत ऑक्सिजन मोजायचं यंत्र, पॅरासिटामॉल आणि थर्मामीटर आणलंच होतं. नोकरी सुटली तरी पिशवी सुटत नाही. एका दुपारी ऑक्सिजनचा आकडा घसरला. परक्याच्या लेकराचा आकडा मी एकदाच घ्यायचे, हिचा तीनदा घेतला. मी तिला पालथं झोपवलं, गॅलरीतून आनाहितबाईंना हाक मारली आणि फक्त "डॉक्टर!" म्हणाले. तो शब्द तिकडंही तोच आहे. त्यांनी फोन लावला. पिकल्या भुवयांचे एक डॉक्टर आले, छाती तपासली, परत आकडा घेतला. तो वर आला होता. त्यांनी आमूला इंग्रजीत सांगितलं की फुप्फुसं स्वच्छ आहेत, लशीचा एक डोस झालाय त्याचा उपयोग झाला, आणि पालथं झोपवणाऱ्या बाई कोण? आमूनं माझ्याकडं बोट केलं. डॉक्टरांनी मला दारातून हात जोडले, आपल्यासारखे. मीही जोडले. मग न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

ताप उतरला, पण पोरीचं तोंड उतरलेलंच होतं. खिडकीतून अरारात दिसायचा, ती त्याच्याकडं पाठ करून पडायची. एका सकाळी म्हणाली, "आत्या, जाऊ दे ना. परतच जाऊ आपण. आई-पप्पांच्या जिवाला घोर. मला बी आता नको वाटतंय."

"तुला जायचंच नसेल तर तसं म्हण. मी आत्ता परतीचं बघते आणि तुझ्या बापाला मी तोंड देते," मी म्हणाले. "पण दमलीस म्हणून म्हणू नकोस. दमलेल्या माणसानं आधी झोपावं, मग ठरवावं."

तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि झोपली, संध्याकाळपर्यंत झोपली. उठल्यावर केस विंचरले, दोन लवाश खाल्ले आणि कॉलेजला ईमेल लिहिली. मला मराठीत करून वाचून दाखवली. विनवणी तिच्यात कुठं नव्हती. जे झालं ते, ज्या तारखेला येऊ शकते ती तारीख, आणि तोवर तास ऑनलाइन ऐकेन एवढंच. उत्तर आलं. प्रयोगशाळा उघडेपर्यंत पोचलीस तर जागा तुझी, त्यानंतर नाही. दोन आठवडे संपत होते त्याच्या दुसऱ्या दिवशीचं विमान धरलं तर जमत होतं. त्यानंतरचं धरलं तर नाही.

त्या विमानासाठी आम्ही पहाटेच निघालो. विमानतळावर आत सोडायच्या दोरीपाशी मी थांबले, आमू काउंटरवर गेली. काउंटरवरच्या तरुणानं कागद उलटसुलट पाहिले आणि पॉझिटिव्ह शब्दावर बोट ठेवून मान हलवली. त्याला तो नियम ठाऊक नव्हता. कागद त्यानं परत सरकवले. मागची रांग पुढं येऊ लागली.

मला तिची पाठ तेवढी दिसत होती. लहानपणी कुणी मोठ्यानं बोललं तर ही पोरगी माझ्या पदराआड यायची. मला वाटलं, आता वळेल, माझ्याकडं बघेल, आणि मला काही करता येणार नाही. ती वळली नाही. बाजूला सरकली नाही. कागद परत त्याच्यापुढं ठेवले, फोनवर कॅनडा सरकारचं पान उघडलं आणि बोलू लागली. इंग्रजीतलं मला अक्षर कळत नव्हतं, पण सूर कळत होता. ती मागत नव्हती, सांगत होती. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. तरुणानं कुणाला तरी फोन केला. मग एक बाई आल्या, त्यांनीही डोकं हलवलं. त्यांनाही आमूनं तेवढ्याच शांतपणे पहिल्यापासून सांगितलं. त्या बाईंनी पान वाचलं, तारखा बोटांवर मोजल्या, पुन्हा वाचलं. आणि बॅग पट्ट्यावर ठेवायची खूण केली.

माझ्या शेजारी एक अनोळखी आर्मेनियन आजी उभ्या होत्या. मी त्यांना मराठीतच म्हटलं, "आमची आहे ती." त्यांनी माझा दंड दाबला.

आमू दोरीपाशी आली. चेहरा लाल झाला होता. "लई घाबरले व्हते गं आत्या."

"मला नाही दिसलं."

"पाय बघितले असतेस तर दिसलं असतं." आम्ही दोघी हसलो, मग मिठी मारली. किती दिवसांनी पोरीला जवळ घेत होते मी. ती तपासणीच्या दारातून आत गेली. दोनदा वळून बघितलं, तिसऱ्यांदा गर्दीत दिसली नाही.

माझं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. रिकाम्या खोलीत मी बसून राहीन हे आनाहितबाईंना पटलं नाही. त्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या गावी नेलं. तिथं त्या दिवशी लवाश भाजायचे होते. तोनीर म्हणजे जमिनीत पुरलेली मातीची भट्टी. बायका भोवती बसून पोळी उशीसारख्या गादीवर ताणतात आणि वाकून भट्टीच्या आतल्या भिंतीवर फटकन चिकटवतात. मला वाटलं, जन्मभर भाकरी थापलीय, हे काय अवघड! गादी घेतली, वाकले, चिकटवली. पोळी भिंतीवरून सुटली आणि थेट निखाऱ्यात. दुसरी अर्धी चिकटली, अर्धी लोंबली. तिसरीला आनाहितबाईंनी माझ्या कमरेला मागून धरलं, नाहीतर पोळीबरोबर मीही आत गेले असते. बायका हसून हसून आडव्या झाल्या. चौथी चिकटली. वेडीवाकडी होती, पण चिकटली, आणि त्यांनी ती इतर कुणाला खाऊ दिली नाही. माझ्याच हातात ठेवली. वर अरारात स्वच्छ दिसत होता.

निरोपाच्या वेळी आनाहितबाईंनी फोन काढला नाही. त्या त्यांच्या भाषेत बोलल्या, मी माझ्या. सुकवलेल्या जर्दाळूंची पिशवी त्यांनी माझ्या बॅगेत कोंबली. उरलेलं बाजरीचं पीठ आणि ठेच्याची बरणी मी त्यांच्या ओट्यावर ठेवली.

परतीला मी एकटी. दोहाचा विमानतळ म्हणजे एक गावच. मी ताठ चालत राहिले, कारण थांबलं की हरवल्यासारखं दिसतं. थोड्या वेळानं लक्षात आलं, की एक गुजराती म्हातारा-म्हातारी माझ्या मागं मागं येतायत. मी वळले की वळतात. "बहनजी, आप को तो सब मालूम लगता है, इसलिए आप के पीछे चल रहे हैं," आजोबा म्हणाले. मी पाटीवरचा आकडा तिकिटावरच्या आकड्याशी ताडून बघितला. आम्ही तिघंही अगदी उलट्या टोकाला येऊन पोचलो होतो. सांगितल्यावर आजी इतक्या हसल्या की त्यांची कवळी हलली. मग आम्ही तिघं पळालो. धापा टाकत दारात पोचलो तर विमानालाच उशीर झाला होता. मुंबईपर्यंत आजी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

आमू पोचल्याचा निरोप मुंबईत उतरल्यावर मिळाला. प्रयोगशाळा उघडायच्या आत ती विद्यापीठाच्या गावी, तिच्या खोलीवर होती. बाहेर मिलिंद टेम्पो घेऊन उभा होता. त्यानं माझी बॅग घेतली आणि एवढंच म्हणाला, "ताई, मी परत आन म्हनलो व्हतो. बरं झालं नाय ऐकलंस." माळशेजला धुकं होतं. ओतूरला उतरून चहा घेतला. बेल्हं आलं तेव्हा ऊन पडलं होतं.

त्या सोमवारी मिलिंद मला बाजारात घेऊन गेला. मला काही घ्यायचं नव्हतं. मी बरोबर यावं असं त्याला वाटत होतं, म्हणून गेले. जनावरांचा बाजार अजून पहिल्यासारखा फुललेला नव्हता, तरी बैलांच्या रांगा होत्या, टेम्पो होते. संगमनेरकडचा एक ओळखीचा व्यापारी मोटारसायकलवरून उतरला.

"काय मिलिंदराव, पोरगी गेली म्हनं परदेशात?"

मला वाटलं, आता मिलिंद लेकीचं कौतुक सुरू करणार. आजवर माझी ओळख करून द्यायची तर तो "आमची बहीण, घोडेगावला नर्स व्हती" एवढंच म्हणायचा.

"पोरगी गेली की," मिलिंद म्हणाला. "पन तिला वाटंला लावलं ते आमच्या ताईनं. तिकडं पोरगी आजारी पडली, मी हिकडं हातपाय गाळले. हिनं तिला बरी केली, फुडं धाडली, आन् तितनं एकटी आली. एकटी!"

आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. माझे कान तापले. आमच्या घरातली माणसं आजवर लांबच्या वाटेला लागली ती कामासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर दीक्षाभूमीला. शिकायला निघालेली आमू पहिली, आणि शिकणारीला पोचवायला निघालेली मी पहिली. हे मला विमानात सुचलं नव्हतं, अराराताखाली सुचलं नव्हतं. ते त्या बैलबाजारात, भावाच्या तोंडून ऐकताना कळलं. प्रवास करून माणूस दुसरा देश बघतो हे खरं, पण आपल्या माणसांना आपण कसे दिसतो हे मात्र घरी परतल्यावरच कळतं.

व्यापारी माझ्याकडं नीट बघत होता. मग जरा घुटमळत म्हणाला, "बाई, माझी नात यंदा बारावीला हाय. लई हुशार हाय वो. तिला कुटं लांब धाडायचं झालं, तर तुमी याल का बरूबर?"

"येईन की," मी म्हणाले. "पण बघा भाऊ, ती एकटीसुद्धा जाईल."